कावळा आणि रिकामे थडगे

वहिनी गेल्या त्याला आता महिना होत आला. जाण्याआधी त्यांनी मला दोन गोष्टी बजावल्या होत्या. दहाव्याला कावळ्यासाठी कुणाला खोळंबवायचे नाही, आणि उशाशी प्रार्थना म्हणायला कुणाला बोलवायचे नाही. "आणि भाऊजी, माझ्यामागे काही रचू नका," असेही त्या म्हणाल्या. पहिल्या दोन गोष्टी मी पाळल्या. तिसरीचे काय ते मला नक्की सांगता येत नाही. हे लिहितो आहे ते रचणे नव्हे अशी माझी समजूत आहे. म्हणून सावकाश लिहितो, आणि कुणाचे नाव घालत नाही. नाव घातले की माणसाचा पुतळा व्हायला लागतो. हे मी आमच्या घरातच पाहिले आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती पहिली वर्षे. ठाकूरद्वारच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. आई-वडील आधीच गेले होते. माझा थोरला भाऊ, त्याची बायको आणि मी, असे तिघे राहत होतो. दादा गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होता. मी बी. ए. होऊन एका ग्रंथालयात लागलो होतो.

दादाच्या छापखान्यात सगळे काही छापले जाई. लग्नपत्रिका, नाटकांच्या जाहिराती, सभांची पत्रके, आणि मिशनची छोटी छोटी धर्मपुस्तके. खराब झालेली प्रुफे दादा घरी आणायचा. वहिनी त्यावर भाजी निवडत. पण त्याआधी दादा ती जेवताना मला वाचून दाखवायचा.

"आज दोन मेलेली माणसं उठली रे."

"एकाच पानावर?"

"एकाच पानावर. पाण्यावरून चालणं उद्या आहे. आज शाई संपली."

वहिनी चुलीपासून म्हणत, "जेवताना देवाधर्माची टिंगल नको."

"अगं, आपल्या देवाची नाही करत."

"कुणाच्याच नको."

दादा गप्प बसे आणि मला डोळा मारी. पण त्याची थट्टा नुसती थट्टा नव्हती. एकाच सभेची हकीकत दोन-तीन साप्ताहिकांकडून छापखान्यात आली की कुणी कुणाची उतरवली आहे हे त्याला लगेच कळे. दोघे एकाच जागी अडखळले, एकाच जागी कंस घातला, की त्यातला एक तिथे हजर नव्हता, असे तो धरून चाले. एकदा त्याने ख्रिस्ताच्या चार चरित्रांपैकी तिघांची प्रुफे पाटावर शेजारी शेजारी मांडली.

"हे बघ. तिघांचं वाक्य सारखं. मध्येच वाचणाऱ्याला सूचना दिलीय, तीसुद्धा दोघांची सारखी. हे काय तिघांनी डोळ्यांनी बघून लिहिलंय? एकानं लिहिलं, बाकीच्यांनी समोर ठेवून उतरवलं, आणि आपापलं मीठ घातलं."

"आणि चौथा?"

"चौथ्याचं वेगळंच. त्याचा प्रभू बोलायला लागला की थांबतच नाही. आमच्या मालकासारखा."

मला तो नाद तिथून लागला. ग्रंथालयात दुपारी गर्दी नसे. त्या धर्माच्या उगमावर विद्वानांनी लिहिलेली जाड इंग्रजी पुस्तके वरच्या फळीवर होती आणि ती काढणारा मी एकटाच होतो. दादाने पाटावर मांडलेले त्या लोकांनी फार पूर्वीच मांडून ठेवले होते. ती चरित्रे घटनेनंतर तीस-चाळीस आणि त्याहूनही अधिक वर्षांनी लिहिलेली होती. ज्या कोळी शिष्यांच्या तोंडची म्हणून सांगतात त्यांची भाषा एक, आणि ही लिहिली दुसऱ्याच, ग्रीक भाषेत. त्यावर नावे आहेत ती मागाहून चिकटवलेली. त्या सगळ्यांहून जुनी आहेत ती एका तंबू शिवणाऱ्या प्रचारकाची पत्रे. त्या गृहस्थाने आपल्या प्रभूला जिवंतपणी पाहिलेच नव्हते. त्याच्या पत्रांत ना जन्माच्या वेळचा तो तारा आहे, ना कुमारी आई, ना ते चमत्कार. आहे ते एवढेच, की तो मेला, उठला, आणि आता लवकरच येतो आहे. इतका लवकर, की आपल्यातले काहीजण मरायच्या आत. ती सगळी माणसे म्हातारी होऊन मेली. कुणी आले नाही. पण चुकले असे कुणी म्हटले नाही. 'लवकर' या शब्दाचा अर्थ ताणला, आणि तो आजपर्यंत ताणताहेत.

मी हे दादाला सांगितले. तो हसून म्हणाला, "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू, म्हणाले असतील."

त्याच हिवाळ्यात तो गेला.

गिरगावात त्या दिवशी सकाळपासून दगडफेक, अश्रुधूर आणि पळापळ चालू होती. मी ग्रंथालयात अडकलो होतो, दार आतून लावून घेतले होते. गोळीबार झाल्याचे कळले, पण कोण पडले ते कळायला संध्याकाळ झाली. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच दादाला गोळी लागली होती. वहिनी इस्पितळात पोहोचल्या तेव्हा तो शुद्धीवर होता. मी पोहोचलो तेव्हा नव्हता. वहिनी बाकावर बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक गाठोडे होते.

आमच्या चाळीत त्या दिवसांत काय घडले ते मी नीट पाहिले. दुसरे काही पाहण्यासारखे उरले नव्हते. पहिल्या दिवशी सगळे म्हणत होते, कोपऱ्यावर उभा होता, गोळी लागली. अंत्ययात्रेच्या दिवशी त्याच्या हातात पत्रकांचा गठ्ठा होता. आठवड्याभरात त्याने शर्टाची बटणे तोडून छाती पुढे केली होती. तळमजल्यावरचे काका, एक निवृत्त शिक्षक, येईल त्याला सांगत, "माझ्यासमोर म्हणाला, 'मुंबई आमची आहे!' आणि पडला." काकूंनी मला हळूच सांगितले होते की, गोळीबार झाला तेव्हा काका पलंगाखाली होते. एका साप्ताहिकात त्याचे शेवटचे शब्द म्हणून पाच ओळी छापून आल्या. छातीत गोळी लागलेल्या माणसाला एवढा श्वास कुठून पुरतो, ते त्या संपादकालाच ठाऊक. लालबागची आत्या तर म्हणे, त्याने रक्ताने जमिनीवर 'म' काढला.

"आत्या, तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मी डोळ्यांनी पाहिलं."

"तू लालबागला होतीस."

"मग? जीव सगळा इथंच होता माझा."

आत्या खोटे बोलत नव्हती. काकाही नव्हते. ही गोष्ट मला कुठल्याही जाड पुस्तकात तशी मिळाली नसती. गोष्ट व्हायला लबाड माणसे लागत नाहीत. चांगली, रडणारी माणसे लागतात, आणि थोडे दिवस. त्या वधस्तंभावरच्या माणसाचे शेवटचे शब्दही चौघांनी तीन प्रकारांनी सांगितले आहेत. एका प्रकारात तो देवाने टाकल्याचा आक्रोश करतो, दुसऱ्यात शांतपणे आत्मा देवाच्या हवाली करतो, तिसऱ्यात काम पुरे झाल्याचे जाहीर करतो. कोणता खरा, यावर पुढे शतकानुशतके प्रवचने झाली. कुणी काय ऐकले असेल, यापेक्षा कुणाला काय ऐकायला हवे होते, हे विचारले असते तर उत्तर लवकर मिळाले असते.

दहाव्याला आम्ही बाणगंगेवर गेलो. चाळीतली पुष्कळ पुरुषमंडळी आली होती. बायका रिवाजाप्रमाणे घरी होत्या. माझे डोके नुकतेच भादरलेले, ऊन चढलेले, म्हणून काकांनी मायेने माझ्यावर छत्री धरली होती. काकांची काळी छत्री बाराही महिने त्यांच्यासोबत असे. मी पिंड ठेवला. समोरच्या कठड्यावर कावळे होते, पण एक पुढे येईना.

गुरुजी म्हणाले, "काही राहिलं असेल त्यांचं. बोला."

मी म्हणालो, "वहिनींना अंतर देणार नाही."

कावळे बसून राहिले. मी पुन्हा म्हणालो. एकाने मान वळवून चोच कठड्याला पुसली. मग बराच वेळ गेला. कुणी म्हणाले दर्भाचा कावळा करा, कुणी म्हणाले थांबा. शेवटी काकांना राहवेना. "मुंबई मिळाल्याशिवाय आम्ही स्वस्थ बसणार नाही!" ते ओरडले. हात वर करता यावा म्हणून त्यांनी छत्री मिटून काखेत मारली. सगळ्यांनी घोषणा दिली, आणि त्या घोषणेतच एक कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला.

मोठी माणसे ओक्साबोक्शी रडली. मीही रडलो. छत्री मिटलेली मी पाहिली होती, पण ती वेळ ते सांगायची नव्हती.

मी जिना चढून वर येईपर्यंत बातमी आमच्या खोलीत पोहोचली होती. वहिनी दारात उभ्या होत्या.

"माझं नाव घेतलं होतंत?"

"घेतलं."

"तेव्हा नाही शिवला?"

"नाही."

"बरं," म्हणून त्या आत गेल्या. मला वाटले, त्यांचे समाधान झाले.

त्यानंतर घर आमचे राहिले नाही. हुतात्म्याची बायको बघायला माणसे येत. सभेला न्यायला येत. व्यासपीठावर त्यांना खुर्चीवर बसवत आणि वक्ता त्यांच्याकडे हात करून म्हणे, हे रक्त वाया जाणार नाही. मी स्वतः त्या सभांना जात होतो, मोर्च्यांत चालत होतो. मुंबई मराठी राज्यात हवी, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण वहिनी त्या खुर्चीवर कशा बसत ते मी पाहत होतो. दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून बसावे तशा.

अशात एक बाई आल्या. नगरकडच्या, ख्रिस्ती, स्वतः विधवा. चाळीतल्या मुलींना विणकाम शिकवायला येत, आणि पिशवीत काळ्या पुठ्ठ्याचे पुस्तक असे. चाळीत त्यांना पुस्तकवाल्या बाई म्हणत. त्यांच्यावर मला राग धरता येत नाही. सगळे वहिनींना हुतात्म्याविषयी विचारत तेव्हा, झोप लागते का, असे विचारणाऱ्या त्या एकट्याच होत्या. पण त्यांच्या हातात जे पुस्तक होते आणि तोंडी जे वचन होते, त्यावर मला राग आला तो आजतागायत गेलेला नाही.

"तुमचे यजमान तुम्हाला भेटतील," त्या सांगत. "नुसता आत्मा नाही. देहानं. हात धरून."

वर्ष होता होता वहिनी त्यांच्याबरोबर रविवारी उपासनेला जाऊ लागल्या. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ते काळे पुस्तक आले. वहिनींनी त्याला खाकी कागदाचे नीट कव्हर घातले होते. मग एक दिवस त्यांनी भाकरी थापता थापता सांगितले की, येत्या पुनरुत्थानाच्या सणाला, ईस्टरला, त्या बाप्तिस्मा घेणार. त्यांच्याशिवाय मला कुणी नव्हते. दादाला हसताना ऐकलेले, त्याचा डोळा मारणे ठाऊक असलेले, जगात आम्ही दोघेच उरलो होतो. त्यातले एक माणूस आता उठून एका परक्या गोष्टीत राहायला निघाले होते.

मी वादाला बसलो. वाद घालण्याचा माझा स्वभाव नाही, पण तयारी होती.

"वहिनी, प्रभूच्या त्या रिकाम्या थडग्यापाशी किती बायका गेल्या होत्या?"

"मला काय ठाऊक?"

"तुमच्या पुस्तकात बघा. एकजण म्हणतो एक, दुसरा म्हणतो दोन, तिसरा म्हणतो तीन. आत कोण होतं? कुणी म्हणतो एक तरुण, कुणी म्हणतो दोन माणसं. एक तर म्हणतो, गावातली मेलेली साधुमाणसंही उठून बाजारात फिरली. हे बाकीच्या तिघांच्या कानावरसुद्धा नाही."

वहिनींनी भाकरी उलटली. "तुमच्या दादांचं तरी कुठं दोघांनी एकसारखं सांगितलं? म्हणून काय ते गेले नाहीत?"

"गेले, वहिनी. जाण्याबद्दल कुणाचा वाद नाही. वाद परत येण्याबद्दल आहे."

त्यांनी तवा उतरवून ठेवला आणि त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी आम्ही जेवलो नाही.

पुढे मी पुराव्यांबद्दल बोललो नाही, शिकवणुकीबद्दल बोललो. त्या पुस्तकात एक माणूस म्हणतो, मी येतो तुमच्यामागे, पण आधी माझ्या बापाला पुरून येऊ द्या. त्याला उत्तर मिळते की, मेलेल्यांना मेलेलेच पुरतील, तू चल. मी भावाला अग्नी देऊन, डोके भादरून, दहा दिवस जमिनीवर झोपलेला माणूस. ज्या गुरूला बापाच्या मातीपुरताही धीर धरवत नाही त्याच्या दयेची महती मला कुणी सांगू नये. मी वहिनींना हेच म्हणालो. त्या म्हणाल्या, "बाई सांगतात, त्याचा अर्थ निराळा आहे." जिथे अर्थ सरळ आहे आणि वाईट आहे, तिथे तो निराळा असतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

शत्रूला क्षमा करा, असेही बाईंनी त्यांना सांगितले होते. वहिनींनी मला विचारले, "गोळी कुणी झाडली ते आपल्याला ठाऊक नाही. ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याला माफ कसं करायचं हो?" मी म्हणालो, मला माहीत नाही. त्या वादात आमचे एकमत झाले ते एवढेच.

सणाच्या आधीच्या आठवड्यात पाळकसाहेबांनी घरच्या माणसाला भेटायला बोलावले. त्यांच्या मंडळीतला रिवाज असावा. घरातून कुणी रागावून येणारे आहे का, हे ते आधी पाहून घेत. मी वहिनींबरोबर गेलो. गिरगावातच, चर्चच्या मागे त्यांचे घर होते. ते मराठीच, वृद्ध, बंद गळ्याचा कोट घातलेले. पुस्तकवाल्या बाईही होत्या. त्यांनी चहा दिला.

"तुमची काही हरकत?" पाळकांनी मला विचारले.

"हरकत घेणारा मी कोण? एकच विचारायचं आहे. माझा भाऊ आता कुठे आहे?"

त्यांनी कप खाली ठेवला. बाई लगबगीने म्हणाल्या, "आशा धरावी भाऊ. देव दयाळू आहे."

"बाई," पाळक म्हणाले, "आशा वेगळी. यांनी सरळ विचारलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ज्यांनी प्रभूला स्वीकारलं नाही, त्यांना तारण नाही. ग्रंथ असं सांगतो. मला ते बदलता येत नाही."

वहिनींनी प्रथमच वर पाहिले. "तुमची पुस्तकं त्यांनीच जुळवली. अक्षर न् अक्षर त्यांच्या हातातून गेलंय."

"हातातून गेलं, बाई."

"वाईट कुणाचं केलं नाही त्यांनी."

"नसेल केलं."

"म्हणजे मी पाणी घेतलं, तर मी वर. आणि ते तिकडे. विस्तवात."

पाळकांच्या डोळ्यांत पाणी आले होते. पण ते म्हणाले, "होय."

"मग भेट कुठली?"

बाईंनी वहिनींचा हात धरला. वहिनींनी तो हळूच सोडवला, पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवले. "कव्हर मी घातलंय. असू द्या तसंच," म्हणाल्या आणि उठल्या.

त्या पाळकांना मी आजही मान देतो. त्यांनी खोटे सांगितले असते तर त्यांना एक माणूस मिळाले असते. पण जी शिकवण त्या भल्या म्हाताऱ्याच्या तोंडून एका विधवेला तसे उत्तर देववते, तिला मी कसला मान देऊ? आधी दुःखी माणसाच्या दारात जायचे. तुझे माणूस भेटेल म्हणायचे. पुढे केव्हातरी, घराच्या आतल्या खोलीत, अट सांगायची. उगमाकडे पाहावे तर ही अट पुष्कळ जुनी आहे. प्रेमाचे बोलणे आणि कायमचा विस्तव, दोन्ही त्याच पानांतून वाहत आले आहेत. प्रेमाचे बोल भिंतीवर टांगतात. विस्तवाचे पान विचारल्याशिवाय उघडत नाहीत. आणि आपल्या मुलांना माफ करायला ज्या देवाला आधी कुणाचे तरी रक्त सांडलेले लागते, त्या देवापेक्षा आमचा छापखान्याचा मालक बरा होता. तो ओरडायचा आणि विसरायचा. त्यांच्या वेदीवर रक्त उपयोगाचे होते, आमच्या व्यासपीठावरही. वहिनी दोन्हीकडे खुर्चीवर बसून आल्या होत्या.

आम्ही घरी न जाता चौपाटीकडे वळलो. ऊन उतरले होते. कठड्यावर बसल्यावर वहिनी म्हणाल्या, "मी कशासाठी जात होते सांगू? हसाल."

"नाही हसणार."

"दहाव्याला तुम्ही माझं नाव घेतलंत, तर कावळा हलला नाही. मुंबईचं घेतल्यावर आला. म्हटलं, जाताना त्यांचा जीव माझ्यात नव्हताच. मग एकदा भेटून विचारावं."

इतके दिवस मी बायका मोजत होतो, देवदूत मोजत होतो, आणि या बाईला एका कावळ्याने घराबाहेर काढले होते.

"वहिनी," मी म्हणालो, "छत्री होती."

"कसली छत्री?"

"काकांची. माझ्या डोक्यावर ऊन लागतं म्हणून त्यांनी उघडून धरली होती, अगदी पिंडाशेजारी. मी तुमचं नाव दोनदा घेतलं तेव्हा ती उघडी होती. घोषणा द्यायला हात वर करायचा म्हणून त्यांनी मिटली. मिटली आणि कावळा आला. काकांनी 'चहा गरम' म्हटलं असतं तरी आला असता."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मला वाटले रडताहेत. पण त्या हसत होत्या. "काकांची छत्री!" त्या म्हणाल्या. "अगं बाई, काकांची छत्री!" येणारे-जाणारे बघू लागले. वर्षभरात मी त्यांना हसताना ऐकले नव्हते.

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "ते पत्रकं घेऊन नव्हते गेले हो. कोपऱ्यावर इस्त्रीला टाकलेले शर्ट आणायला गेले होते. मी म्हटलं उद्या जा. म्हणाले, कोपऱ्यावर तर आहे."

इस्पितळातल्या बाकावरचे ते गाठोडे मला आठवले. "बोलला काही?"

"मला पाहिलं आणि म्हणाले, 'शर्ट मळले बघ.' मग पाणी मागितलं. एवढंच."

"तुम्ही कुणालाच कसं सांगितलं नाहीत?"

"विचारलं कुणी? ते काय म्हणाले ते सगळे मलाच सांगायला येत होते."

त्या चार चरित्रांतले जे सर्वांत जुने, त्याच्या जुन्या प्रतींत शेवट फार विचित्र आहे. बायका थडग्यापासून पळतात आणि भीतीने कुणाला काही सांगत नाहीत. तिथेच ते संपते. पुढचे भेटीगाठींचे वर्णन मागाहून कुणी जोडले आहे, हे विद्वानांनी दाखवून दिले आहे. त्या सबंध पुस्तकात माझा विश्वास बसतो तो त्या एका वाक्यावर. त्या बायका गप्प राहिल्या असतील. भीतीने असेल, किंवा त्यांना कुणी विचारले नसेल. मग बोलणारे पुढे झाले.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी ट्रंकेतून ते दोन शर्ट काढले आणि भिजत घातले. डाग पुरते गेले नाहीत, फिकट झाले. एक त्यांनी मला दिला. तो मी विरेपर्यंत ग्रंथालयात घातला. दुसऱ्याची त्यांनी फडकी केली आणि ती वर्षानुवर्षे आमच्या स्वयंपाकघरात होती. पुढे राज्य झाले. आम्ही दोघांनी गॅलरीत पणत्या लावल्या. गल्लीच्या तोंडाशी दादाच्या नावाची पाटी लागली, तिच्याखाली ते शेवटचे शब्द कोरले, काकांनी सांगितले तसे. वहिनी भाजीची पिशवी घेऊन रोज त्या पाटीखालून येत. त्यांनी कधी मान वर केली नाही आणि कधी कुणाला खोडूनही काढले नाही. उपासनेला त्या पुन्हा गेल्या नाहीत. पुस्तकवाल्या बाई भेटल्या तर दोघी रस्त्यात उभ्या राहून विणकामाचे बोलत.

वहिनींच्या दहाव्याला मी बाणगंगेवर गेलो. बरोबर गुरुजींशिवाय कुणी नव्हते. पिंड ठेवला, पाणी सोडले.

"थांबायचं ना?" गुरुजींनी विचारले.

"नाही."

म्हाताऱ्या माणसाला काय बोलावे, असे गुरुजींना वाटले असेल. मी पायऱ्या चढू लागलो. मागे पंखांची फडफड ऐकू आली. कावळा असेल, कबूतर असेल. मी वळून पाहिले नाही. त्यामुळे वहिनींच्या पिंडाला कावळा शिवला की नाही, हे मला सांगता येत नाही, आणि जे विचारतात त्यांना मी तेवढेच सांगतो.